तापलेला संगणक आणि तापलेलें घर

गेल्या वैशाखांत एका लग्नकार्याच्या निमित्तानें अकोल्यास, आमच्या अक्काच्या घरीं, आठ दिवस राहण्याचा योग आला. घर नांदतें, तीन पिढ्यांचीं मिळून अकरा माणसें. वऱ्हाडचा उन्हाळा म्हणजे काय, हें तिकडच्या वाचकांस सांगणें नलगे. दुपारीं पारा ४४ अंशांवर चढलेला. परंतु उंबरठा ओलांडतांच जो उकाडा आम्हांस जाणवला, तो केवळ बाहेरच्या उन्हाचा नव्हता. अक्काचे सासरे, ज्यांना सारें घर नाना म्हणतें, ते माजघरांत भिंतीकडे तोंड करून पडलेले होते. आणि प्रवेशपरीक्षेच्या तयारीस लागलेला आमचा भाचा पुस्तक समोर धरून बसला होता, पण अर्ध्या तासांत त्यानें एकहि पान उलटलें नाहीं. घरांत कांहीं झालें आहे काय, म्हणून विचारलें, तेव्हां अक्का हळूच म्हणाली, "संगणक बिघडला आहे रे, आणि त्यापायीं सगळ्यांचीं डोकीं तापलीं आहेत."

हकीकत अशी. नानांचें वय ८१. संस्कृतचे शिक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनीं घरांतील जुने मोडी कागद बाळबोधींत उतरविण्याचें काम हातीं घेतलें असून, गेलीं दोन वर्षें रोज दुपारीं ते संगणकावर एकेक पत्र लिहून काढीत आहेत. कागद इतके जीर्ण कीं घडी उलगडतांना कडा गळतात. म्हणून प्रत्येक कागद एकदांच उघडावयाचा, वाचून उतरवावयाचा आणि पुन्हा रुमालांत बांधून ठेवावयाचा, असा त्यांचा नेम. पंधरा दिवसांपासून संगणक ऐन दुपारीं, कांहींएक सूचना न देतां, एकाएकीं बंद पडूं लागला होता. आम्ही पोंचण्याच्या आदल्या दिवशीं तो असाच बंद पडला आणि जतन न केलेलीं चार पानें गेलीं. पत्र पुन्हा उघडावें लागलें. आणि उघडतांना ज्या कोपऱ्यावर तिथि आणि शक लिहिलेला होता, नेमका तोच तुकडा गळून त्याचा चुरा झाला. नाना त्या वेळीं कांहीं बोलले नाहींत. पण त्या दिवशीं ते जेवलेहि नाहींत.

अशा वेळीं दोष कोणावर तरी येणारच. भाचा रात्रीं अभ्यास आटोपल्यावर संगणकावर खेळ खेळतो, म्हणून यंत्र झिजलें, असा निवाडा होऊन त्याला संगणकास हात लावण्याची बंदी झाली. त्याचे सरावाचे प्रश्नसंच त्याच यंत्रावर होते, ह्याचा विचार रागाच्या भरांत कोणीं केला नाहीं. मुलानें एकदांच म्हटलें, "मी खेळतों हें खरें, पण माझ्यामुळें तो बंद पडत नाहीं." मग तो गप्प बसला.

मुलाचें म्हणणें कितपत खरें आहे हें पाहावें, म्हणून आम्ही संगणकाची जागा पाहिली. त्याच्यासाठीं सुताराकडून मुद्दाम सागवानी कपाट करविलेलें. त्याला दार, आणि दार नेहमीं लावलेलें. आंत यंत्राच्या पेटीवर अक्कानें स्वतः कशिदा काढून शिवलेला अभ्रा. तो समोरचें बटण तेवढें मोकळें ठेवून सर्व बाजूंनीं खालपर्यंत उतरलेला. पाठीमागें भिंत दोन बोटांवर. एका हातास देवघर, दुसऱ्या हातास स्वयंपाकघराचें दार. धूळ बसूं नये, खोली नीटनेटकी दिसावी, म्हणून जें जें मायेनें केलें होतें, त्यानें यंत्राचा श्वास मात्र कोंडला होता.

संगणक जी वीज घेतो ती जवळजवळ सगळीच शेवटीं उष्णता होऊन बाहेर पडते, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. पंपानें पाणी चढवावें तसें कांहीं दृश्य काम तो करीत नाहीं. तो आंकडेमोड करतो, आणि आंकडेमोडीला लागलेली वीज उष्णतेच्या रूपानें उरते. १५० वॅट वीज घेणारा संगणक म्हणजे, उष्णतेच्या हिशेबानें, १५० वॅटची एक लहानशी शेगडीच होय. त्यांतील प्रोसेसर, म्हणजे मुख्य आंकडेमोड करणारी सिलिकॉनची चिप, पोस्टाच्या तिकिटाहूनहि लहान. परंतु काम जोरांत असतां ती एकटीच ६० ते १०० वॅट उष्णता टाकूं शकते. पूर्वीचा ६० वॅटचा तारेचा दिवा जळत असतां त्याच्या कांचेस ज्यानें चुकून बोट लावलें असेल, त्याला ह्या आंकड्याचा अर्थ समजावून सांगावयास नको. आणि दिव्याची कांच तर चिपेच्या कितीतरी पट मोठी असते.

ही अडचण आजची नव्हे. अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें १९४६ सालीं जगापुढें आलेल्या 'एनिॲक' नामक संगणकांत सुमारें १८,००० निर्वात नळ्या होत्या आणि त्याला १५० किलोवॅट वीज लागे. त्या नळ्यांची उष्णता घालविण्यासाठीं मोठे पंखे बसवावे लागले होते. पुढें १९७१ सालीं इंटेल कंपनीनें काढलेल्या '४००४' ह्या सूक्ष्म प्रोसेसरांत अवघे २,३०० ट्रान्झिस्टर होते. त्याला पंख्याची गरज नव्हती. १९९३ सालीं 'पेंटियम' आला, तेव्हांपासून घरगुती संगणकांतहि प्रोसेसरच्या डोक्यावर पंखा बसविणें ही नित्याची गोष्ट झाली. आणि आजच्या चिपेवर तर ट्रान्झिस्टरांची संख्या अब्जावधि आहे. पुण्याच्या आयसर संस्थेंत बसविलेल्या 'परम ब्रह्म' ह्या महासंगणकासाठीं नुसत्या वाऱ्यावर न विसंबतां द्रवाच्या साहाय्यानें उष्णता वाहून नेण्याची योजना करण्यांत आली. यंत्र लहान असो कीं मोठें, उष्णतेला बाहेर पडण्यास वाट ही पाहिजेच.

घरगुती संगणकांत ही वाट अशी असते. प्रोसेसरच्या पाठीवर उष्णता वाहणाऱ्या लेपाचा पातळ थर, त्यावर ॲल्युमिनियमचा किंवा तांब्याचा दातेरी ठोकळा, ज्यास हीटसिंक म्हणतात, त्यावर पंखा, आणि पेटीला बहुधा पुढून थंड हवा आंत घेणाऱ्या व मागून उष्ण हवा बाहेर टाकणाऱ्या जाळ्या. ह्या साखळीचा एक जरी दुवा निकामी झाला, तरी उष्णता आंत कोंडूं लागते.

आतां ऋतूचा हिशेब पाहा. वाऱ्यानें निवणारें यंत्र भोंवतालच्या हवेहून थंड होऊं शकत नाहीं. समजा, नेहमींच्या कामांत प्रोसेसर खोलींतील हवेपेक्षां ४५ अंशांनीं अधिक तापतो. पौषांत खोली २० अंशांवर असतां तो ६५ अंशांवर राहील; वैशाखांत खोली ४० अंशांवर असतां तोच ८५ अंश गांठील. म्हणजे यंत्रांत कांहींहि न बिघडतां केवळ ऋतु पालटल्यानें २० अंशांची वाढ झाली. त्यांत बंद कपाट आणि धूळ ह्यांची भर पडली कीं मर्यादा ओलांडण्यास वेळ लागत नाहीं. ही मर्यादा पुष्कळ प्रोसेसरांत ९५ ते १०० अंशांच्या आसपास असते. तेथें पोंचल्यावर प्रोसेसर प्रथम आपला वेग आपणच कमी करतो. तरीहि उष्णता उतरली नाहीं, तर जळून जाण्यापेक्षां बंद पडणें पत्करतो. तेव्हां असा संगणक दगा देत नसून आपला जीव वांचवीत असतो. त्याला पुन्हा पुन्हा बटण दाबून उठविण्याऐवजीं अर्धा तास विसावा द्यावा आणि कारण शोधावें.

बंद पडण्याचें कारण उष्णताच आहे हें ओळखावें कसें? आधीं पंख्याची घरघर वाढते. मग साधीं कामेंहि मंदावतात. मागच्या जाळीपाशीं हात धरला तर झळ लागते, किंवा जाळी बुजली असल्यास वारा मुळींच लागत नाहीं. आणि बंद पडलेला संगणक निवल्यावर पुन्हा नीट चालूं लागतो. थंड असतांहि तो बंद पडत असेल, तर दोष विजेच्या पुरवठ्यांत किंवा अन्यत्र शोधावा. आंतील उष्णतामान दाखविणारे 'एचडब्ल्यूइन्फो' सारखे प्रोग्राम विनामूल्य मिळतात. आम्हीं तो चालवून पाहिला. खोली ३८ अंशांवर होती. कपाट बंद आणि अभ्रा घातलेला असतां, नानांच्या साध्या लेखनकामांतच प्रोसेसर ९७ अंशांवर गेला. दार उघडून अभ्रा काढतांच पाव तासांत तो ८४ वर उतरला. एक पैसाहि खर्च न होतां १३ अंश कमी झाले, हें पाहून अक्का थक्क झाली, अभ्रा घडी करीत ती एवढेंच म्हणाली, "मीच त्याला दुलई पांघरली होती म्हणावयाची!"

दुसऱ्या दिवशीं सकाळीं भाच्यालाच हाताशीं घेऊन आम्हीं पेटी उघडली. ह्या कामाचा क्रम वाचकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. प्रथम संगणक रीतसर बंद करावा आणि केवळ खटक्यावर विसंबून न राहतां विजेची तारच काढून घ्यावी. मग चालू करण्याचें बटण दहा सेकंद दाबून धरावें, म्हणजे आंत उरलीसुरली वीज निघून जाते. आंत हात घालण्यापूर्वीं पेटीच्या उघड्या धातूस स्पर्श करावा. अंगावर सांचलेल्या विजेची बारीकशी ठिणगीहि नाजूक भागांस घातक होऊं शकते. नंतर पेटी ओसरीवर नेऊन मऊ, कोरड्या ब्रशानें धूळ सैल करावी आणि दाबलेल्या हवेच्या डब्यानें ती उडवावी. तोंडानें फुंकूं नये, कारण फुंकरीबरोबर ओल जाते. हवा मारतांना पंख्याचीं पातीं बोटानें धरून ठेवावींत. तीं भलत्याच वेगानें फिरलीं तर पंखा खराब होतो. ओलें फडकें, केर ओढण्याचें घरगुती व्हॅक्यूम यंत्र आणि पंख्यांत सोडलेलें खोबरेल, हीं तिन्ही वर्ज्य समजावींत. खोबरेल थंडींत थिजतें आणि एरवीं धूळ धरून ठेवतें. पंखा कुरकुरूं लागला तर नवा बसवावा, त्याला फारसा खर्च येत नाहीं. विजेची तार ज्या बंद डब्यांत शिरते, तो पॉवर सप्लाय मात्र घरीं कधींहि उघडूं नये. तार काढल्यावरहि त्यांत धोक्याची वीज कांहीं काळ सांठलेली असते.

हीटसिंकच्या दातांमधून जी धूळ निघाली ती घोंगडीच्या तुकड्यासारखी अखंड निघाली. ती नुसती धूळ नव्हती. फोडणीची तेलकट वाफ आणि उदबत्त्यांचा धूर ह्यांनीं ती चिकट होऊन बसली होती. म्हणून संगणकाची जागा चूल आणि देवघर ह्यांपासून शक्य तितकी दूर असावी. प्रोसेसरवरचा लेपहि सहा वर्षांत वाळून खडूसारखा झाला होता. दोन धातूंचे पृष्ठभाग कितीहि गुळगुळीत दिसले तरी त्यांत सूक्ष्म खळगे असतात. त्यांतील हवा उष्णता नीट वाहूं देत नाहीं, म्हणून ते खळगे भरून काढण्यासाठीं हा लेप, ज्यास थर्मल पेस्ट म्हणतात, योजिलेला असतो. जुना लेप आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, तंतु न सुटणाऱ्या कापडानें पुसून घ्यावा, नवा लहानशा वाटाण्याएवढा मध्यभागीं ठेवावा आणि ठोकळा सरळ दाबून पूर्ववत् कसून बसवावा. पोळीवर तूप घालावें तसा सढळ हात येथें उपयोगाचा नाहीं. ज्यांस हा भाग जोखमीचा वाटेल, त्यांनीं तो जाणत्या कारागिराकडून करवून घ्यावा. धूळ झाडण्याचें काम मात्र कोणासहि साधण्यासारखें आहे, आणि तें वर्षांतून दोनदां, निदान होळीच्या सुमारास एकदां तरी, व्हावें.

इतकें झाल्यावर त्याच खोलींत, त्याच उन्हांत, नानांच्या कामाला प्रोसेसर ६६ अंशांवर स्थिर राहिला. मग आम्हीं भाच्यास सर्वांसमक्ष त्याचा खेळ तासभर खेळावयास लाविलें. पारा ७९ वर गेला आणि तेथेंच थांबला; संगणक बंद पडला नाहीं. खेळानें उष्णता वाढते, हें खरेंच. पण निकोप यंत्र ती सोसतें. बिघाडाचें मूळ कारण खेळ नव्हते, हें त्या तासाभरांत सर्वांस दिसलें.

सुताराला बोलावून कपाटाचें दार काढविलें आणि पाठीची फळी कापविली. कपाट भिंतीपासून वीतभर पुढें ओढलें. अक्काचा अभ्रा वायां गेला नाहीं. संगणक बंद करून पूर्ण निवल्यावर तो घालावा आणि चालू करण्यापूर्वीं काढावा, असें ठरलें. कूलरच्या थंड वाऱ्यानें खोली निवते ती यंत्रासहि हितकर. परंतु त्याचा ओला झोत थेट पेटीवर घेऊं नये. यंत्र रिकामें असतांहि पंखा जोरांत फिरत असेल, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ह्या तीन कळा एकदम दाबाव्या. विंडोजमध्यें टास्क मॅनेजर उघडून कोणता प्रोग्राम विनाकारण राबत आहे तें दिसतें. तो ओळखीचा नसल्यास एखादा घातक प्रोग्राम तर चोरून शिरला नाहीं ना, हेंहि तपासावें.

ज्या घरांत लॅपटॉप आहेत त्यांनीं आणखी एक गोष्ट पाहावी. त्याच्या जाळ्या बहुधा तळाशीं असतात. गादीवर किंवा गोधडीवर तो ठेवला कीं त्या बुजतात. अक्काची थोरली सून कचेरीचें काम पलंगावर बसून करी. तिला आतां लॅपटॉपखालीं घेण्यास जेवणाचा एक जुना पाट दिला आहे. शिवाय लिथियमची बॅटरी उष्णतेनें अकालीं जीर्ण होते आणि कधीं कधीं फुगते. टचपॅड वर उचलला गेला, झांकण नीट मिटेनासें झालें, किंवा सपाट मेजावर लॅपटॉप डुलूं लागला, तर त्याच क्षणीं त्याचा उपयोग व चार्जिंग थांबवावें आणि तो दुरुस्तीच्या अधिकृत केंद्राकडे न्यावा. फुगलेली बॅटरी दाबूं नये, टोंचूं नये, केरांत टाकूं नये. तिला आग लागूं शकते. इतर दोषांत कामाचा खोळंबा होतो, ह्या दोषांत घरास धोका असतो. म्हणून येथें चालढकल करूं नये.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळीं नानांनीं भाच्याला जवळ बोलाविलें. मुलानें फाल्गुनांतच सांगितलें होतें कीं, पंख्याचा आवाज वाढला आहे. तेव्हां 'खेळ कमी कर' एवढेंच उत्तर त्याला मिळालें होतें. ही गोष्ट त्यानें आम्हांस पेटी झाडतांना सांगितली होती, आणि अक्कानें ती नानांच्या कानीं घातली होती. नाना म्हणाले, "अरे, तूं वेळेवर सांगितलें होतेंस. मीं ऐकलें नाहीं. चूक माझी." मुलगा खालीं पाहत म्हणाला, "नाना, उरलेले कागद आपण उघडूं तेव्हां मी प्रथम मोबाईलनें त्यांचीं छायाचित्रें घेतों. मग तुम्ही पडद्यावर पाहून लिहा. कागद पुन्हा उघडावाच लागणार नाहीं."

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही निघालों तेव्हां आजोबा आणि नातू माजघरांत शेजारीं शेजारीं बसले होते. लिहिलेलें दर पांच मिनिटांनीं आपोआप जतन व्हावें अशी योजना मुलानें करून दिली होती, आणि दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर घेण्याचें काम स्वतःकडे घेतलें होतें. गळलेल्या तुकड्यावरील तिथि मात्र परत येणार नव्हती. नानांनीं त्या पत्राच्या मथळ्यापाशीं तेवढी जागा कोरी सोडून कंसांत 'तिथीचा भाग नष्ट' असें लिहिलें होतें, आणि पुढचा रुमाल सोडावयास घेतला होता.